जवळच्या नातेवाइकाची सही

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एवढं लिहिलं आणि उठून चहा करून आले. दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिलेली नाही, त्यामुळे हात आखडलाय. तू बरी असशील. भावजींची पाठ आता कशी आहे? थोरलीची परीक्षा जवळ आली असेल. धाकट्याच्या दातांना तार लावणार होतात, ती लावली का? मी बरी आहे. वर्कशॉप नेहमीसारखंच चाललंय.

काम आहे म्हणून लिहितेय. आडून आडून सांगत बसत नाही. मी वर्षभरासाठी परदेशी चाललेय. फिरायला नाही, स्वयंसेवक म्हणून. तिकडे एका गावात कृत्रिम पाय बसवण्याचं केंद्र आहे आणि तिथे कारागीर एकच. आजूबाजूच्या सगळ्या मुलखातून लोक त्याच्याकडे येतात. पायाचं माप दिल्यावर पाय मिळायला दोन-दोन वर्षं लागतात. राहायची-जेवायची सोय संस्था करते, पगार नाही. मी अर्ज केला आणि निवड झाली. जूनच्या तुकडीत जायचं आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना घेत नाहीत आणि मला ऑगस्टमध्ये पन्नास पूर्ण होतात, हे तुला सांगायला नकोच. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

वाटलं होतं, निवड झाली की पिशवी भरायची आणि निघायचं. ताई, निवड ही तर सुरुवात होती. माझ्या जन्मदाखल्यात एक वेलांटी ऱ्हस्व आहे आणि शाळेच्या दाखल्यात दीर्घ. त्या एका वेलांटीपायी मी तीन कचेऱ्यांचे खेटे घातले आणि शेवटी 'ही बाई आणि ती बाई एकच' असं प्रतिज्ञापत्र करून दिलं. पोलीस दाखल्यासाठी गेले तर तिथला हवालदार विचारतो, "कशासाठी जाताय?" म्हटलं, "पाय करायला." तर म्हणे, "कुणाचे?" आता त्यांची नावं मला कशी माहीत असणार! मग वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे काढला, बराच वेळ उजेडावर धरून पाहिला आणि म्हणाले, "झीज दिसतेय. तिकडे उभ्याने काम असेल ना?" मी म्हटलं, "इकडेही उभ्यानेच आहे, सव्वीस वर्षं." सही दिली, पण अशा तोंडाने की जणू स्वतःच्या खिशातून काढून देतायत.

आता तुझ्याकडचं काम. सोबत एक फॉर्म आहे. मी तिकडे आजारी पडले, अपघात झाला किंवा आणखी काही, तर कुणाला कळवायचं आणि निर्णय कुणी घ्यायचा, त्याचा. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मी आधी आमच्या उस्तादांचं नाव घातलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर प्लास्टरचे साचे काढणारे, तू ओळखतेस त्यांना. संस्थेच्या कचेरीतल्या मुलीने फॉर्म परत पाठवला. म्हणे, "मॅडम, रक्ताचं नातं हवं, नाहीतर लग्नाचं." लग्नाचं मी केलंच नाही. रक्ताचं म्हणशील तर तू एकटीच उरलीस.

खुणा केल्या आहेत तिथे दोन सह्या कर आणि पाठव. एप्रिलअखेर मुदत आहे.

घर ठीक आहे. बाबांची चाकाची खुर्ची मी एका रुग्णाला दिली. खोलीला रंग दिला.

लोभ असावा असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते.

तुझी,
धाकटी


दि. ११ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं नाही असं तू म्हणू शकत नाहीस. पोचपावती माझ्यासमोर आहे आणि तिच्यावर तुझी सही आहे. म्हणजे सही करता येते तुला. फक्त मला हवी तिथे येत नाही.

पाच आठवडे झाले. दर सोमवारी कचेरीतल्या त्या मुलीचा फोन येतो, "मॅडम, तेवढा एक कागद राहिलाय." दर सोमवारी मी सांगते, "बहीण गावाला गेलीय." मागच्या सोमवारी तिने विचारलं, "अजून आल्या नाहीत?" पन्नाशीच्या बाईला विशीतल्या पोरीशी खोटं बोलावं लागतंय. जिवावर येतं.

इकडे बाकीचं तरी सुरळीत व्हावं, तर तेही नाही. साहेबांनी बिनपगारी रजेचा अर्ज महिनाभर टेबलावर ठेवला आणि मग म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर इथे पाय कोण बसवणार?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझी किंमत त्यांच्या तोंडून ऐकली, तीही रजा नाकारताना. मी वरच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, खालच्यांची शिफारस आणा. खालचे म्हणतात, वरून आदेश आणा. दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात मी इतक्या वेळा उभी राहिलेय की तिथला झाडूवालाही आता मला बघून हसतो.

त्यातच मी एका रुग्णाच्या मुलावर सगळ्यांसमोर ओरडले. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. कारण फार मोठं नव्हतं. जाऊ दे ते.

भाषेचा वर्ग लावलाय, आठवड्यातून तीनदा. वर्गात सगळी पंचविशीतली मुलं. ती गाण्यासारखी वाक्यं म्हणतात आणि माझी जीभ वळत नाही. पुस्तकात काय आहे सांगू? 'माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.' 'मला खिडकीजवळची जागा हवी.' बाईंना म्हटलं, मला हे नको. 'दुखतंय का' कसं विचारायचं? 'या पायावर भार टाका', 'घाबरू नका, मी धरलंय' हे कसं म्हणायचं? बाई म्हणाल्या, ते अकराव्या धड्यानंतर. आम्ही चौथ्यात आहोत.

आता एक कबूल करते. परवा मी तुझी सही केली. पोचपावती समोर ठेवली, रद्दी कागदावर वीस-पंचवीस वेळा गिरवली आणि मग कचेरीतून आणलेल्या दुसऱ्या फॉर्मवर केली. हुबेहूब आली. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर तू बाबांची सही ठोकायचीस, तेवढी हुबेहूब. पाकीट चिकटवलं, पोस्टात गेले, रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला आणि खिडकीतल्या माणसाने हात पुढे केला, तेव्हा मी नुसतंच तिकीट मागितलं. घरी येऊन फॉर्म फाडला. सोबत नवा कोरा पाठवतेय.

मी काय मागितलंय ताई? पैसे मागितले नाहीत. वाटणी मागितली नाही. दोन सह्या!

तू का करत नाहीस ते मला कळत नाही असं नाही. बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी उस्ताद भेटायला आले होते. साधा माणूस, मनात काही नाही. बसल्या बसल्या म्हणाले, "साचा तर केव्हाच काढून ठेवला होता आपण, राहूनच गेलं बघा." तू तिथेच उभी होतीस. ते गेले आणि तू बॅग भरायला घेतलीस. दारात म्हणालीस, "सगळ्या जगाला पाय करून देतेस. आपल्या बापाचा तेवढा एक जमला नाही." त्यानंतर आज दोन वर्षं.

मग मीही विचारते. महिन्यातून एकदा यायचीस, फळं घेऊन, इस्त्रीची साडी नेसून. बाबा आदल्या दिवसापासून दाढी करून बसायचे. तू आलीस की हसायचे, तू गेलीस की माझ्यावर खेकसायचे. आई गेल्यापासून आठ वर्षं त्यांचं पथ्य, इंजेक्शनं, रुसवे, कपडे, सगळं मी केलं. तुला त्यांचं हसणंच तेवढं माहीत आहे.

आणि पायाचं तेव्हाही सांगितलं होतं, आत्ताही सांगते. जखम नीट भरली नव्हती. लायनर मिळत नव्हता. लायनर म्हणजे पायावर आतून चढवतात तो मऊ मोजा. त्याच्याशिवाय पाय बसवता येत नाही. एवढंच.

फॉर्म पाठव.

तुझी,
धाकटी


दि. ४ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट मिळालं. फॉर्म होता, पण तसाच कोरा. त्याला टाचणीने अडकवलेल्या चिठोऱ्यावर तुझ्या अक्षरात तीन ओळी. "जखम भरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. पाय का केला नाहीस? खरं सांग, मग सही करते."

पहिल्यांदा भयंकर संताप आला. ही कुठली न्यायाधीश, असं झालं. तुला उत्तर म्हणून चार पानं लिहिली. त्यात तुझ्या सगळ्या चुका होत्या, अगदी लग्नाआधीपासूनच्या. दुसऱ्या दिवशी वाचली आणि मलाच शरम वाटली. इतकी मुद्देसूद होती ती. चार पानांत तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं.

आता सांगते. मध्येच थांबले तर पुन्हा हिंमत व्हायची नाही, म्हणून एका बैठकीत लिहितेय.

मागच्या पत्रात एका रुग्णाच्या मुलावर ओरडले असं लिहिलं होतं. तिथूनच सुरू करते. आमच्याकडे एक निवृत्त बस ड्रायव्हर येतात. डावा पाय गुडघ्याखाली गेलाय. माणूस मोठा उत्साही. दोन दांड्यांमध्ये उभं केलं की स्वतःच "चला, सोडा गाडी" म्हणतात. त्या दिवशी माप घेऊन झालं आणि त्यांचा मुलगा मला बाजूला बोलावून हळूच म्हणाला, "मॅडम, पाय लगेच द्यायलाच हवा का? थोडं लांबवता आलं तर बघा ना. आम्ही दोघंही नोकरीला जातो. पाय मिळाला की हे घरात थांबायचे नाहीत. बसलेले असले म्हणजे निदान कुठे आहेत ते तरी माहीत असतं."

मी त्याच्यावर इतकी ओरडले की पलीकडच्या खोलीतलं मशीन बंद झालं. "बाप आहे तुमचा, की सामान आहे ठेवलं तिथे राहायला?" तो गोरामोरा झाला. वाईट मुलगा नाही तो. दर खेपेला अर्धी रजा टाकून वडिलांना आणतो, त्यांचे बूट स्वतः पुसतो. नुसता दमलाय.

ताई, त्या मुलाचं ते वाक्य माझं होतं. मी ते कधी कुणापाशी बोलले नाही, इतकंच. त्याच्यावर नाही, मी स्वतःवर ओरडत होते.

बाबांची जखम अडीच महिन्यांत भरली. स्वच्छ भरली, तू पाहिलीस ते बरोबर होतं. तिसऱ्या महिन्यात उस्तादांनी साचा काढला. डॉक्टर म्हणाले होते, "हृदय थोडं कमजोर आहे, पण बसवा पाय. चालू दे त्यांना जितकं होईल तितकं." लायनर मिळत नव्हता हेही खोटं. तो माझ्याच कपाटात होता, तिसऱ्या खणात. मी स्वतः मागवून घेतलेला, त्यांच्या मापाचा. तो साचा सात महिने फळीवर राहिला. मनात आणलं असतं तर आठ दिवसांचं काम होतं.

का, ते सांगते.

बाबांनी चाळीस वर्षं मोजणी खात्यात घालवली. साखळी घेऊन रानोमाळ पायी. निवृत्तीनंतरही ती चाल सुटली नाही. न सांगता बाहेर पडायचे आणि दोन-दोन तास यायचे नाहीत. मधुमेहात तळव्याला जखम झाली तेव्हा मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, की टाच टेकायची नाही. मी कामावर गेले की हे निघायचे. संध्याकाळी पट्टी सोडली की तिच्यावर ताजं रक्त. विचारलं की म्हणायचे, "कुठे गेलोय? घरातच आहे." मी त्यांच्या चपलेचे तळ बघायचे, चिखल लागलाय का म्हणून. बापाच्या चपला तपासायची वेळ आली माझ्यावर. शेवटी पाय काढावा लागला, तेव्हा मी दुःखाने रडले असं तुला वाटलं. ताई, रडण्यात निम्मा राग होता. मी रोज दुसऱ्यांचे पाय उभे करत होते आणि या माणसाने स्वतःचा घालवला होता.

ऑपरेशननंतर बाबा घरी आले आणि पहिल्याच पंधरवड्यात एका पायावर उड्या मारत दाराकडे निघाले. पडले. शेजारणीने वर्कशॉपमध्ये फोन केला आणि मी अर्धं काम टाकून पळाले. असं तीनदा झालं. मग खुर्ची आणली. उंबरा ओलांडणारी नव्हती ती. खिडकीपाशी बसवलं की संध्याकाळी तिथेच सापडायचे. पहिल्या दिवशी मी कामावर गेले आणि दुपारी डबा खाताना लक्षात आलं, की सकाळपासून मला घरची आठवण झालेली नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. भाजी गरम होती की गार, एवढंसुद्धा कळलं त्या दिवशी.

एवढंच कारण आहे ताई. खुर्चीतला माणूस सांभाळायला सोपा असतो.

मी काही ठरवलं नव्हतं. 'देणार नाही' असं एकदाही मनात म्हटलं नाही. फक्त उद्या करू, पुढच्या आठवड्यात करू. सुरुवातीला ते रोज विचारायचे, "आलं का गं ते?" मी म्हणायचे, "नाही बाबा, बाहेरून यायचंय." मग एक दिवसाआड विचारू लागले. मग तू आलीस की तुझ्यादेखत विचारायचे, माझी अडचण व्हावी म्हणून. मग बंदच केलं.

एका रविवारी मी त्यांची नखं कापत होते. एकाच पायाची. खिडकीतून बाहेर बघत बाबा म्हणाले, "राहू दे आता ते. माझं काही अडलेलं नाही. तू निर्धास्तपणे कामावर जात जा."

निर्धास्तपणे म्हणाले. त्यांना कळलं होतं. कधीपासून, कोण जाणे. मी मान वर केली नाही. म्हटलं, "असं कसं बाबा, येईल की." आणि नखं कापत राहिले. तेव्हा तरी दुसऱ्या दिवशी मी तो साचा खाली काढायला हवा होता. नाही काढला. त्यानंतर ते आणखी सहा आठवडे होते.

तू दारात जे बोललीस ते खरं नव्हतं. जमला नाही, असं नव्हतं. तू रागातही माझी बाजू थोडी सांभाळलीस. खरं कळलं असतं तर आणखी कठोर बोलली असतीस.

मी तिकडे प्रायश्चित्त घ्यायला चाललेय असं समजू नकोस. मीही बरेच दिवस तसंच समजत होते आणि मनात उगीच मोठी होत होते. तिथल्या कुणाचा पाय बाबांना लागणार नाही. पण तिथे साहित्य खरोखरच येत नाही, माणूस खरोखरच नाही, म्हणून लोक थांबून आहेत. मला काम येतं. इथे त्याच टेबलापाशी, त्या फळीसमोर उभी राहून मला आता ते धड होत नाही. एवढंच आहे.

सही कर, नाहीतर करू नकोस. दोन्हीचा राग धरायचा हक्क आता माझ्याकडे नाही. फक्त जे करशील ते लवकर कळव. वाट पाहायला लावणं म्हणजे काय, ते मला पुरेपूर माहीत आहे.

धाकटी


दि. ३० मे

ताई,

पंधरा एप्रिलला तुझा फोन आला, तेव्हा मी नुसतं 'हं, हं' करत होते. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडत होतीस, त्यात मला बोलायला जागा कुठे होती! "मी तुला माफ केलेलं नाही. करेन असंही नाही. असं लिहून मोकळी झालीस, आता मी ते घेऊन कुठे जाऊ?" बरोबर आहे तुझं. माझं ओझं मी टपालाने तुझ्याकडे पाठवलं.

शेवटी तू एकदम निराळ्याच आवाजात विचारलंस, "जाताना त्यांना त्रास झाला का गं?" मी 'नाही' म्हणाले. तेवढंच एक वाक्य मी त्या फोनवर पुरं बोलले आणि तेही खरं नव्हतं. मला माहीत नाही, ताई. मी तिथे नव्हते. दुपारचे सव्वातीन वाजले होते, मी एका बाईच्या पायाचा सांधा घट्ट करत होते. शेजारीण सांगते, ते खिडकीकडे तोंड करून शांत बसलेले दिसले. तिने पाहिलं तेवढंच. त्याच्या आधीचं कुणालाच माहीत नाही. हे तुला न सांगता विमानात बसले असते तर पुन्हा तेच झालं असतं.

आता बातम्या. रजा अखेर मंजूर झाली. साहेबांनी शिफारस लिहिली, तीही 'यांच्या अनुपस्थितीत गैरसोय होईल' या शब्दांत, आणि वरच्यांनी त्यालाच शिफारस समजून सही केली. विमानाची तारीख दोनदा बदलली. आता ७ जून म्हणतायत. मी कुणाला सांगायचंच बंद केलंय. कारण वर्कशॉपमध्ये मला निरोपाचे हार दोनदा घालून झालेत. सामानाची मर्यादा तेवीस किलो आणि माझी अवजारंच अकरा किलोंची. कपडे चार जोड्या घेतलेत. भाषेत आम्ही नवव्या धड्यावर अडकलो. 'दुखतंय का' मी बाईंकडून खाजगीत शिकून घेतलं. उच्चार असा की आधी माझंच काहीतरी दुखतंय असं वाटावं.

ड्रायव्हरकाकांचा पाय मी निघायच्या आधी पुरा केला. मुलाला बोलावलं आणि त्याची माफी मागितली. नुसती मागितली नाही, त्याच्याशी तासभर बसले. दुपारी दोन तास येणारा माणूस ठरवून दिला, दाराला बाहेरून आधाराचा दांडा बसवायला सांगितला, काकांच्या गळ्यात फोन नंबरांचं कार्ड. तुझ्याशी किंवा कुणाशीही मी तेव्हा बोलले असते तर बाबांसाठीही एवढंच पुरलं असतं, हे त्याला सांगताना कळत होतं. काका पहिल्याच आठवड्यात बस डेपोपर्यंत गेले. येताना पडले. कोपर खरचटलं. रस्त्यातल्या दोघांनी उठवलं. मुलाचा मला फोन आला, वैतागलेला होता, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पण मॅडम, डेपोत कोण कोण भेटलं ते तासभर सांगत होते." मी बरं म्हटलं आणि खुर्चीवर बसून राहिले. उस्ताद म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पडले आणि उठले."

फोननंतर चार दिवसांनी तुझा फॉर्म आला. सह्या आहेत, दोन्ही खुणांवर. सोबत चिठ्ठी नाही. मी तो त्याच दिवशी कचेरीत नेऊन दिला. त्या मुलीने पानं उलटून तपासली आणि शेवटच्या पानावर थांबली. तिथे एक रकाना होता, तो मीही नीट वाचला नव्हता. 'वरील नातेवाइकाशी संपर्क न झाल्यास पर्यायी व्यक्ती'. ती म्हणाली, "मॅडम, इथे नाव नाहीये. बघा काय लिहिलंय." आणि कागद माझ्याकडे वळवला.

तू लिहिलं होतंस, "पर्याय नाही. कितीही वेळ लागला तरी मलाच कळवावे."

ती विचारत होती, हे चालेल का. मी म्हटलं, चालेल.

पोचले की कळवते. आधी तुलाच.

तुझी,
धाकटी बहीण